भरती अकॅडमीवाल्या सरांना खुलं पत्र: पोरांना पळवताय, पण पलटण म्हणजे काय तेही सांगा

प्रति,
महाराष्ट्रातले सगळे आर्मी भरती अकॅडमी चालक, ग्राउंडवरचे उस्ताद आणि माझ्यासारखे जीकेचे तास घेणारे

नमस्कार सर,

तुमच्यातले बरेच जण स्वतः फौजेतून आलेत, गावात तुम्हाला सगळे 'मेजर' म्हणतात, भले तुम्ही नायक म्हणून पेन्शनीला आला असाल, त्यामुळे तुम्हाला फौज शिकवायला मी कोण. मी साधा जीकेवाला. पण पोरं ग्राउंड मारून घामेजलेली माझ्यासमोर येऊन बसतात आणि मी फळ्यावर लिहितो, कुठल्या रेजिमेंटचं सेंटर कुठे, मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार सागर, गार्ड्स कामठी, ग्रेनेडियर्स जबलपूर, आणि ती पोपटासारखी पाठ करतात. मग मी सहज विचारतो, अरे रेजिमेंट म्हणजे काय, बटालियन म्हणजे काय, तुझी पलटण कुणी आणि कशासाठी उभी केली? सगळे गप्प. आणि एखादा बोललाच तर व्हॉट्सअॅपवरचं सांगतो, "सर, मराठा रेजिमेंट शिवाजी महाराजांनी काढली."

काही अकॅडमींच्या फ्लेक्सवर पण हेच छापलेलं बघितलंय म्हणून हे पत्र लिहितोय.

नाही हो सर. महाराज १६८० साली गेले. मराठा लाइट इन्फंट्रीची सगळ्यात जुनी पलटण, म्हणजे आजची पहिली बटालियन, जंगी पलटण, ती उभी राहिली ऑगस्ट १७६८ मध्ये, आणि ती उभी केली ईस्ट इंडिया कंपनीने, मुंबई बेटावरच्या स्वतःच्या वखारी सांभाळायला. नाव होतं दुसरी बटालियन, बॉम्बे सिपॉइज. म्हणजे इंग्रज व्यापाऱ्याला गोदाम राखायला माणसं पाहिजे होती आणि आपल्या कोकणातल्या, देशावरच्या पोरांना पगार पाहिजे होता. इतकं साधं आहे ते. आणि पुढे कंपनीच्या ह्याच मुंबई लष्करातल्या पलटणी मराठ्यांच्या राज्याविरुद्ध पण लढल्या, १७७९ ला वडगावला होत्या, १८१७ ला खडकीला होत्या. हे कडू वाटतं पण खरं आहे, आणि एकोणीस वर्षांच्या पोराला हे पचतं, मी सांगून बघितलंय, पोरं उलट जास्त प्रश्न विचारायला लागतात.

महाराजांचं नाव रेजिमेंटमध्ये आलं ते सैनिकांनी आणलं. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही युद्धघोषणा आहे, आणि मराठा डे ४ फेब्रुवारीला असतो कारण १६७० ला त्या दिवशी तानाजींनी कोंढाणा घेतला. माझ्या मते ही गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे. पलटण काढली परक्याने, स्वतःच्या नफ्यासाठी, आणि आपल्या माणसांनी तिच्यात आपला राजा नेऊन बसवला.

आता नंबरांचा घोळ. पोरं विचारतात सर, 'काळी पाचवी' म्हणतात ती मराठ्यांची पाचवी बटालियन ना? नाही रे बाबा, ती दुसरी. आणि हे एवढं एक नीट उलगडून सांगितलं तरी अख्ख्या आर्मीच्या दोनशे वर्षांच्या मांडणीचा इतिहास सांगून होतो. बघा, १८२४ ला मुंबई लष्कराने पलटणींना नवे नंबर दिले तेव्हा ही झाली पाचवी, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची. कोटाच्या कॉलरचा, बाहीच्या टोकाचा रंग काळा, म्हणून काळी पाचवी. १८४० साली बलुचिस्तानात काहान नावाच्या एका आडबाजूच्या किल्ल्यात कॅप्टन ब्राउनच्या हाताखाली ह्या पलटणीचे दीडशेच्या आत बाहेर शिपाई अडकले, चारी बाजूंनी मरी नावाच्या बलुच टोळ्या, रसद नाही, वर बलुचिस्तानचा उन्हाळा, आणि तरी काही महिने किल्ला सोडला नाही, शेवटी बोलणी करून हत्यारांसकट बाहेर पडले. त्याबद्दल १८४१ ला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. हो, किताब. लाइट इन्फंट्री म्हणजे कमी वजनाची किंवा दुय्यम अशी पोरांची समजूत असते, ती आधी काढून टाका. पुढे धावून लढणाऱ्या चपळ पायदळाला तो मान देत असत, बॅजवरचं बिगुल पण त्याचंच.

मग १८९५ ला बंगाल, मद्रास, मुंबई ही तीन वेगवेगळी लष्करं मोडून एक केलं. तिन्हीकडे एक नंबरची, पाच नंबरची पलटण, गोंधळच गोंधळ. १९०३ ला सरसेनापती किचनेरने त्यावर उपाय काढला, मुंबईवाल्यांच्या नंबरात सरळ शंभर मिळवले. तिसरी झाली १०३, पाचवी झाली १०५, दहावी ११०, सतरावी ११७. म्हणून जुन्या स्मारकांवर १०३ मराठा, ११७ मराठा असलं दिसतं आणि लोकांना वाटतं एवढ्या बटालियन होत्या की काय! नव्हत्या, ते फक्त गणित होतं.

पहिलं महायुद्ध लागलं आणि ह्या सुट्या सुट्या पलटणींची अडचण कळाली. एकेका पलटणीचे शेकड्याने लोक पडायला लागले तर भरपाईला शिकवलेली माणसं आणायची कुठून? मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, सहावी पुना डिव्हिजन गेली होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ ह्या तिन्ही मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा ह्या गावात त्या वेढ्यात अडकल्या, अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली, शेवटी शरणागती आणि तुर्कांची कैद. ११७ ला ह्या कामगिरीसाठी पुढे 'रॉयल' पदवी दिली, पण किती घरांतला माणूस परत आलाच नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी गावात दगड आहे बघा, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावाचे ४६ जण गेले त्यांच्या आठवणीचा. सातारा भागातल्या अकॅडमींनी पोरांची एक लाँग रन त्या दगडापर्यंत न्यावी ही माझी पहिली मागणी.

तर त्या अनुभवावरून १९२२ ला मोठी फेररचना झाली. १०३, १०५, ११०, ११६, ११७ ह्या पाच पलटणी एका छपराखाली आणल्या, त्याच क्रमाने त्या पहिली ते पाचवी बटालियन झाल्या (म्हणून १०५ वाली काळी पाचवी ती दुसरी), आणि सहावी पलटण, ११४, तिला लढाऊ न ठेवता ट्रेनिंगची बटालियन केली, दहावा नंबर देऊन, आणि बसवली बेळगावला. झाली पाचवी मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंट (हा पाच आर्मीतल्या रेजिमेंटांच्या यादीतला नंबर). आज बेळगावला जे रेजिमेंटल सेंटर आहे, जिथे तुमच्या पोराचे केस कापले जातात आणि पहिला सॅल्यूट शिकवला जातो, त्याचा उगम हा. म्हणजे रेजिमेंट म्हणजे घर: भरती, ट्रेनिंग, निशाण, घोषणा, रेकॉर्ड सगळं घराचं, पण कमवायला पोरं वेगवेगळ्या गावी. 'मराठा रेजिमेंट सीमेवर रवाना' असं टीव्हीवर सांगतात तसं काही होत नसतं. जाते ती एक बटालियन, म्हणजे पलटण. एक मराठा लडाखला असेल तर दुसरी कुठे राजस्थानात असेल. आणि ब्रिगेडमध्ये साधारण तीन पलटणी असतात त्या बऱ्याचदा तीन वेगळ्या रेजिमेंटच्या असतात, शेजारी गोरखा, पलीकडे गढवाली. (हे झालं पायदळाचं. तोफखान्यात आणि रणगाड्यात 'रेजिमेंट' म्हणजे बटालियनएवढं एकच युनिट, तोफखान्याच्या रेजिमेंटला साधारण अठरा तोफा. आर्टिलरीत जाणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगा, नाहीतर नाशिक रोडच्या तोफखाना सेंटरला गेल्यावर डोकं भंजाळतं.)

आता पलटणीच्या आतली रचना. पुस्तकात तक्ता असतो, सेक्शनमध्ये दहा जण, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, चार रायफल कंपन्या आणि वर सपोर्ट न हेडक्वार्टर कंपनी मिळून साधारण आठशे माणसांची बटालियन. पाठ होतं आणि विसरलं जातं. मी हे यशवंत घाडगेंच्या गोष्टीतून सांगतो. माणगाव तालुक्यातला पोरगा, तिसऱ्या बटालियनमध्ये नायक, वय बावीसच्या आसपास. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात हा एका रायफल सेक्शनचा कमांडर. समोरून मशीनगनचा मारा झाला आणि त्याचा अख्खा सेक्शन मेला नाहीतर जखमी झाला, उभा राहिला फक्त हा. मग हा एकटाच त्या मशीनगनवर धावून गेला, ग्रेनेड टाकला, गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्यांना हाणलं, पोस्ट घेतली, आणि तिथेच स्नायपरच्या गोळीने गेला. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. पोराला कळतं की सेक्शन कमांडर म्हणजे काय, सगळ्यात लहान तुकडी म्हणजे काय, आणि नायक ही फीत खांद्यावर चढते तेव्हा जबाबदारी कसली चढते.

दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातला, पहिली बटालियन, ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. हा कोण होता? कंपनीचा रनर! कमांडरसोबत राहायचं आणि निरोप इकडून तिकडे पोचवायचे. हातात ना मोठं हत्यार ना हाताखाली माणसं. त्याने दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगाच्या पट्ट्यातून मागे आणून सोडलं आणि मग परत जाऊन मशीनगनच्या पोस्टा उडवल्या, आणि वर चढून मराठ्यांची घोषणा दिली. तुम्ही पोराला सांगता ना, जीडी, म्हणजे जनरल ड्युटीचा शिपाई, नाही मिळालं, कुठलं किरकोळ काम मिळालं तर तोंड पाडू नको, त्यावेळी हे सांगा.

आता गंमत बघा. पहिली आणि तिसरी ह्या दोन पलटणींचा माग धरला की पोरं हलत नाहीत जागची. आजच्या मराठा रेजिमेंटच्या यादीत तिसरी बटालियन सापडणार नाही. गेली कुठे? दुसऱ्या महायुद्धानंतर ती पॅराशूटची बटालियन झाली, १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट वेगळी उभी राहिली तेव्हा तिकडे गेली आणि नाव झालं २ पॅरा, कंसात मराठा. घाडगेंची पलटण ती. डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी ही २ पॅरा उसगावकडून फोंड्यात शिरली, आणि त्याच वेळी तिकडे दमणला कोण, तर १ मराठा, जंगी पलटण.

दहा वर्षांनी बांगलादेश. जंगी पलटणीचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. पाकिस्तानी ठाणं जमालपूरला, त्याला वळसा घालून आपले लोक मागच्या बाजूला रस्ता अडवून बसले. आपल्या ब्रिगेडियर क्लेरनी आतल्या पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी पाठवली की वेढा पडलाय, शरण या. तर त्या कर्नलने उत्तरासोबत एक गोळी गुंडाळून पाठवली, पुढच्या वेळी पेन सोडून स्टेनगन घेऊन भेटा अशा अर्थाचं लिहून. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक फोडून बाहेर पडायला निघाले ते नेमके १ मराठाच्या खंदकांवर येऊन आदळले, आणि सकाळपर्यंत जमालपूरचा विषय संपला होता. त्याच दिवशी, ११ डिसेंबरला दुपारनंतर, खाली दक्षिणेला टांगाईलजवळ आभाळातून २ पॅरा उतरली, पूंगली पूल धरायला, उत्तरेकडून ढाक्याकडे पळणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट कापायला. सीओ लेफ्टनंट कर्नल पन्नू. आणि ह्या पॅराट्रूपर्सना जमिनीवरून येऊन पहिली भेटली ती कोण? १ मराठा. एका घरातल्या दोन पलटणी, एक १७६८ ची, दुसरी १७९७ ची, परक्या देशात एका पुलापाशी येऊन भेटल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात पहिली शिरली ती २ पॅरा. दोन्ही सीओ सरदार, जवान मराठे, आणि घोषणा एकच. पुढे २००५ ला आर्मी चीफ झालेले जनरल जे. जे. सिंग पण मराठा लाइट इन्फंट्रीचेच. 'आपल्या' रेजिमेंटमध्ये साहेब 'आपला' का नाही असं विचारणाऱ्या पोराला ह्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

एक नाजूक विषय. मराठा आणि महार ह्या दोन नावांवरून पोरांच्यात कधी कधी चेष्टा सुरू होते, मग चेष्टेचं भांडण होतं, आणि बरेच सर ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तसं करू नका. कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई भरपूर होते, मराठे होते, मुसलमान होते, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सुद्धा होते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी लढाऊ जमाती आणि बिगर लढाऊ जमाती असलं खूळ काढलं आणि महारांची भरती बंद केली. ज्यांचे बाप आजोबा सुभेदार, हवालदार होते त्यांना एका फटक्यात दार बंद. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, म्हणून तर बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर हवालदार, त्यांनी अर्ज केला, १९१० ला शिवराम जानबा कांबळेंनी अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार अशी पलटण काढली आणि युद्ध संपल्यावर गुंडाळून टाकली. शेवटी बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला पहिली महार बटालियन उभी राहिली. हो, बेळगावला! म्हणजे एका रेजिमेंटमध्ये पोरं आली ती दोन शतकं चालत आलेल्या रांगेतून, आणि दुसरीत आली ती पन्नास वर्षं अर्ज करून. दोन्ही सांगा, एकाच तासाला सांगा.

आणि हे पण सांगा की आजची महार रेजिमेंट एका जातीची नाही, तिच्यात कित्येक राज्यांतले, सगळ्या जातींचे जवान आहेत. तिची घोषणाच आहे "बोलो हिंदुस्तान की जय". परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत गेले, ते ८ महारचे. कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन आर्मी चीफ महार रेजिमेंटचे.

नावावरून गाव ओळखायची सवय पण मोडायला पाहिजे. पुण्याची पोरं हट्ट धरतात पुना हॉर्समध्येच, त्या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्येच जायचंय. अरे बाबा, ती १८१७ ला पेशव्याशी तह करून पेशव्याच्याच खर्चाने कंपनीने काढली, आणि त्याच वर्षी पेशव्याशी युद्ध झालं! नाव पुण्याचं राहिलं, जवान आज जास्त करून उत्तरेकडचे. उलट खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे आर्मीचे इंजिनियर, तिकडे आपली पोरं ढीगभर जातात आणि त्याची कुणाला क्रेझ नाही. एप्रिल १९४८ ला राजौरीच्या वाटेवर रणगाड्यांना रस्ता करून द्यायला ज्यांनी रात्रंदिवस सुरुंग काढले ते रामा राघोबा राणे, कारवारकडचे, परमवीर चक्र, बॉम्बे सॅपर्सचेच होते की.

आता तुम्ही म्हणाल, सर, आता अग्निवीर आहे, चार वर्षांची नोकरी, शंभरातले पंचवीस कायम, त्यात आधी ऑनलाइन पेपर, मग १६०० मीटर, बीम, नऊ फुटी खड्डा, मेडिकल, ह्या गडबडीत पलटणीचा इतिहास कुठे बसवायचा? पेपरला तर एखादाच प्रश्न येतो. पटतंय मला. तुमचा धंदा रिझल्टवर चालतो, फ्लेक्सवर किती फोटो लागले त्यावर. पण जो पोरगा चार वर्षांनी परत येणार आहे त्याला तर हे जास्तच माहीत पाहिजे, कारण कायम राहणाऱ्याला पलटण सगळं हळूहळू शिकवते, मेसमध्ये, बडाखान्याला म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाला, रेझिंग डेला म्हणजे पलटणीच्या वाढदिवसाला जुन्या लोकांच्या तोंडून ऐकत ऐकत. चार वर्षंवाल्याला तेवढा वेळच मिळणार नाही.

म्हणून मागण्या, म्हणजे विनंत्याच आहेत. फ्लेक्सवर कुणी काय काढली ते छापायच्या आधी एकदा जुन्या माणसाला विचारा. आठवड्यातला एक तास, रविवारचा, पेपर सोडवायचा नाही, फक्त गोष्ट सांगायची, आणि ती शक्यतो पलटणीतून आलेल्या माणसाने, त्याने सपोर्ट कंपनीत काय केलं, मोर्टार पाठीवर घेऊन किती चढला, त्याचा सुभेदार मेजर कसा होता हे सांगावं. रायगडवाल्यांनी पोरांना माणगावला घाडगेंच्या पुतळ्याजवळ न्यावं. तुमच्या तालुक्यात पहिल्या महायुद्धाचा दगड असेलच, शाळेत, चावडीवर, कधी देवळाच्या भिंतीत, तो शोधा आणि त्याच्यावरचा आकडा कुठल्या आजच्या पलटणीचा ते पोरांना काढायला लावा. शंभर वजा केले की जुना नंबर, १९२२ चं छप्पर लावलं की आजची पलटण, आलं उत्तर. बेळगावच्या बाजूच्या अकॅडमींनी तर सेंटरला रीतसर पत्र लिहून परवानगीने एखादी भेट ठरवावी.

नोट्स पाहिजे असतील तर माझ्याकडे तयार आहेत, चौदा पानं, झेरॉक्स करून वाटा, माझं नाव नसलं तरी चालेल. आणि जवळपास कुठे बोलावलंत तर मी येतो, मानधन नको, फक्त ग्राउंड संपल्यावर पोरांना आधी केळी, अंडी खाऊ द्या, उपाशी पोरं तिसऱ्या मिनिटाला पेंगतात.

आपला,
एक जीकेवाला सर